ओलीचा हिशेब : साठवण आणि रोजच्या पदार्थांच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी : आधी फ्रीज

फ्रीजच बरोबर नसेल तर पुढच्या नोंदींना अर्थ नाही, म्हणून सुरुवात तिथून. आतल्या बटणावरचे १ ते ५ हे आकडे अंश नव्हेत, गारव्याचा नुसता कमी-जास्त जोर. थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवला. हवेत टांगला तर दार उघडताच आकडा उडतो. पाणी सावकाश गरम-गार होतं, त्यामुळे पदार्थांचं तापमान त्यावरून जास्त नीट कळतं. आकडा ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवा, फ्रीझरचा उणे १८.

दाराची फळी सगळ्यात उबदार. तिथे जॅम, सॉस, लोणचं ठीक. दूध आत मागच्या बाजूला. मात्र मागच्या भिंतीला चिकटून काकडी किंवा पालेभाजी ठेवली तर ती गोठते आणि काढल्यावर पाणी सोडून लिबलिबीत होते. भाजीच्या कप्प्याला सरकती खिडकी असेल तर पालेभाजीसाठी बंद, पिकलेल्या फळांसाठी उघडी.

पुढचे पाच आठवडे प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारायचा आहे : यातलं पाणी आत्ता कुठे आहे, आणि ते कुठे असायला हवं?

५ फेब्रुवारी : कोथिंबिरीच्या चार जुड्या

एकाच ढिगातल्या, साधारण १०० ग्रॅमच्या चार जुड्या. चारही फ्रीजमध्ये.

अ : आणली तशी, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून.
आ : निवडून, धुऊन, पूर्ण वाळवून, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून झाकणाच्या डब्यात.
इ : देठांची टोकं कापून, ३ सेंटीमीटर पाण्याच्या पेल्यात उभी, वरून पिशवी सैल पांघरलेली. पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं, पानं पाण्याला लागू द्यायची नाहीत.
ई : धुऊन, झटकून, तशीच ओली डब्यात.

वाळवण्याचा भाग नीट लिहून ठेवतो, कारण सगळा फरक तिथे पडतो. चाळणीत निथळणं पुरत नाही. दहा मिनिटं निथळल्यावरही देठांच्या बेचक्यात थेंब अडकलेले असतात; जुडी उलटी धरून झटकली की ते हातावर उडतात. फडक्यावर एका थरात पसरून पंख्याखाली ३० ते ४० मिनिटं ठेवायची. पान दोन बोटांत चोळलं की बोट कोरडं राहिलं पाहिजे. त्याहून जास्त वाळवलं तर कडा मुरडतात, आणि मग डबाही तिला वाचवत नाही.

८ फेब्रुवारी : कांदा, बटाटा, लसूण

तिघांना एकाच टोपलीत ठेवायची सवय वाईट. बटाट्याला अंधार आणि थोडा दमटपणा हवा, कांद्या-लसणाला कोरडी, खेळती हवा. शेजारी ठेवले की बटाट्याची ओल कांद्याला लागते आणि कांदा मऊ पडून कुजायला लागतो.

बटाट्यासाठी ७ ते १० अंश उत्तम. तेवढी गार जागा नसेल तर घरातला सगळ्यात थंड, अंधारा कोपरा, आणि कागदी पिशवी किंवा गोणपाट. तळायचा किंवा खरपूस भाजायचा बटाटा फ्रीजमध्ये ठेवू नये : थंडीत स्टार्चची साखर होते, त्यामुळे काप आतून शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होतात, आणि अ‍ॅक्रिलामाइड हे अपायकारक द्रव्य जास्त तयार होतं. हिरवा पडलेला भाग म्हणजे उजेड लागल्याची खूण. हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो निरुपद्रवी. पण त्याच्याबरोबर सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं वाढलेली असतात आणि ती उकडून जात नाहीत. थोडा हिरवटपणा असेल तर खोलवर कापून टाकायचा. बटाटा बराच हिरवा असेल किंवा कडू लागला तर सगळाच फेकायचा.

सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवणं धोक्याचं आहे. तेलाखाली हवा नसते, लसणात आंबटपणा नसतो, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूला नेमकं असंच वातावरण लागतं. वास-चव बदलत नाही, त्यामुळे ओळखूही येत नाही. फ्रीजमध्ये ठेवूनही चार दिवसांच्या आत संपवायचा. जास्त हवा असेल तर वाटून, पातळ थर करून फ्रीझरमध्ये.

९ फेब्रुवारी

जुडी ई : मधली पानं काळी, बुळबुळीत, कुजका वास. टाकली. जुडी अ : पिशवीच्या आत थेंब साठलेत, खालची पानं पिवळी. आ आणि इ मध्ये काही बदल नाही.

११ फेब्रुवारी : थंडी न सोसणारे

टोमॅटो कच्चट असेल तर बाहेर, देठाची बाजू खाली. १२ अंशांच्या खाली त्याच्या वासाची द्रव्यं तयार होणं मंदावतं, म्हणून फ्रीजमधला टोमॅटो दिसतो लाल आणि लागतो पाणचट. पूर्ण पिकलेला, आज-उद्या उतरेल असा असेल तर फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही. खाण्याआधी काही तास बाहेर काढून ठेवायचा.

केळं फ्रीजमध्ये काळं पडतं ते सालीपुरतं. पिकलेलं केळं गारव्यात ठेवलं तर आतला गर दोन-तीन दिवस चांगला राहतो. कच्चं ठेवलं तर मात्र ते नंतर बाहेर काढूनही नीट पिकत नाही. केळं, सफरचंद, पिकलेला टोमॅटो इथिलीन हा फळं पिकवणारा वायू सोडतात. पालेभाज्या, गाजर, काकडी त्यांच्यापासून लांब. कच्चं फळ पिकवायचं असेल तेव्हा हीच अडचण कामाला येते : कागदी पिशवीत एक पिकलं केळं सोबत ठेवायचं.

लिंबू उघड्यावर आठवड्याभरात कडक होतं. कुजत नाही, सालीतून पाणी उडून जातं. हवाबंद पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवलं तर तीन-चार आठवडे रसदार राहतं.

१४ फेब्रुवारी : कोरडं सामान

कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठात अंकुरातलं तेल असतं, म्हणून ते मैद्यापेक्षा फार लवकर खवट होतं. अक्रोड, जवस, तीळ यांचंही तेच. महिन्याभरात संपणार नसेल तेवढं थेट फ्रीझरमध्ये. नव्या धान्यात किड्यांची अंडी असू शकतात. उणे १८ ला चार दिवस ठेवलं की ती मरतात.

इथे एक चूक हमखास होते. डबा फ्रीझरमधून काढला आणि लगेच उघडला, की बाहेरच्या हवेतली वाफ थंडगार पिठावर दव धरते आणि पिठाच्या गुठळ्या होतात. डबा बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. किलोभर पिठाला दोन-तीन तास लागतात. कॉफीच्या बियांनाही हाच नियम.

मसाल्याचे डबे गॅसच्या वरच्या फळीवर नकोत. तिथे उष्णता तर असतेच, शिवाय उकळत्या पातेल्यावर डबा धरून मसाला शिंपडला की वाफ आत शिरते. चमच्याने काढून घ्यावा, झाकण लावावं, मग घालावा. अख्खे मसाले कितीतरी जास्त टिकतात, कारण वासाचं तेल आतल्या आत राहतं.

१७ फेब्रुवारी : फ्रीझर

गोठताना पाण्याचे स्फटिक होतात. सावकाश गोठलं तर मोठे, आणि मोठे स्फटिक पेशी फाडतात. वितळल्यावर भाजी गाळासारखी होते ती त्यामुळे. घरच्या फ्रीझरचा वेग वाढवता येत नाही, पण थर पातळ करता येतो. सूप, रस्सा, शिजवलेली कडधान्यं ५०० ग्रॅमच्या पिशव्यांत भरून, हवा दाबून काढून, २ सेंटीमीटर जाड चपट्या करून ताटावर आडव्या ठेवायच्या. गोठल्यावर पुस्तकांसारख्या उभ्या रचता येतात. तेवढंच खोल डब्यात भरलं तर गोठायलाही वेळ, वितळायलाही.

फरसबी, गाजर, मटार तशीच गोठवली तर त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) चालू राहतात आणि काही आठवड्यांत रंग-वास जातो. फरसबी उकळत्या पाण्यात ३ मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात ३ मिनिटं, मग फडक्यावर पूर्ण कोरडी. ओली भरली तर सगळ्याचा एकच दगड होतो. आधी ताटात सुटी गोठवून मग पिशवीत. आलं मात्र सालीसकट अख्खं गोठवावं आणि गोठलेलंच किसावं. ताज्याला दोरे सुटतात, गोठलेल्याची बारीक भुकटी पडते.

काकडी, सॅलडची पानं, उकडलेला अख्खा बटाटा : गोठवू नये.

पिशवीत हवा राहिली तर बर्फ थेट वाफ होऊन उडतो आणि पदार्थावर पांढुरके, चामट डाग पडतात. खायला धोका नाही, चव मात्र पुठ्ठ्याची.

२० फेब्रुवारी : कांदा लाल होतो म्हणजे काय

पाककृतीत "कांदा पाच मिनिटं, लालसर होईपर्यंत परता" असं लिहिलेलं असतं. पाच मिनिटांत तो लाल होत नाही, कडेने करपतो. कांद्यात सुमारे ८९ टक्के पाणी. ते असेपर्यंत कढईतलं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकतं, आणि रंग-चव देणारी क्रिया त्या तापमानाला फारच मंद असते. म्हणजे आधी पाणी घालवायचं, मग रंग आणायचा. ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना आचही वेगळी लागते.

चाचणी : ५०० ग्रॅम कांदा, ३ मिलिमीटर जाड उभा चिरलेला; तेल ३० मिली; मीठ ३ ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचा; जाड बुडाची, २६ सेंटीमीटरची कढई.

पहिली १० मिनिटं झाकण लावून मध्यम आच. मीठ पाणी ओढून काढतं, कांदा वाफेवर मऊ होतो, करपत नाही. झाकण उचलल्यावर तळाशी पाणी डुचमळताना दिसतं. आता झाकण काढून आच थोडी वाढवायची. "सूं" असा ओला आवाज येतो. आठ-दहा मिनिटांनी तो बदलून कोरडा, तडतडता होतो. पाणी संपल्याची खूण आवाजच देतो, घड्याळ पाहायला लागत नाही. इथे आच मंद. तळाला तपकिरी पापुद्रा धरला की मोठा चमचाभर पाणी घालून उलथन्याने खरवडून कांद्यात मिसळायचा. पापुद्रा म्हणजे चवच. तो तसाच ठेवला तर काळा होऊन सगळं कडू करतो. असं चार-पाच वेळा. एकूण ४० मिनिटांत गडद तपकिरी, जॅमसारखा कांदा, वजन सुमारे १५० ग्रॅम.

सोड्याचा डाव : ५०० ग्रॅमला चहाच्या चमच्याचा आठवा भाग. रंग अर्ध्या वेळात येतो, पण पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळतं आणि कांद्याचा लगदा होतो. रश्श्यात विरून जायचा असेल तर चालेल, वर घालायचा असेल तर नको. जरा जास्त पडला तर साबणासारखी चव येते.

एका वेळी किलोभर करून चपट्या पिशवीत गोठवणं सगळ्यात शहाणपणाचं. आच तीच, उभं राहणं तेच.

२२ फेब्रुवारी : कोथिंबीर, शेवट

अ १२ तारखेलाच संपली. आ : सतराव्या दिवशी बाहेरची चार-पाच पानं पिवळी, बाकी वापरण्याजोगी, फडकं दोनदा बदललं, कारण ते दमट झालं होतं. इ : पानं सगळ्यात ताजी, पण देठांची टोकं मऊ आणि जागा फार अडते, दोनदा पेला कलंडला. निवड आ.

पानाला ओली हवा हवी पण अंगावर पाणी नको. फडकं उडालेली वाफ धरून ठेवतं आणि थेंब होऊ देत नाही. पुदिना, पार्सलीला हेच लागू. बेसिलला नाही : ती फ्रीजच्या गारव्यात काळी पडते, म्हणून पेल्यात पाणी घालून बाहेरच उभी ठेवायची.

२४ फेब्रुवारी : भात

"एकास दोन पाणी" हा नियम एका वाटीला जेमतेम चालतो, चार वाट्यांना फसतो. तांदूळ शोषतो ते साधारण आपल्या मापाइतकं पाणी. बाकीचं पाणी वाफेसाठी, आणि वाफ किती उडणार हे तांदळावर नाही, पातेल्याच्या तोंडावर, झाकणावर आणि वेळेवर ठरतं. घट्ट झाकणाच्या पातेल्यात पांढऱ्या तांदळाच्या १ वाटीला दीड वाटी पाणी लागलं. म्हणजे १ शोषायला, अर्धी उडायला. त्याच पातेल्यात ४ वाट्यांना ८ नव्हे, ६ सुद्धा नव्हे, साडेचार वाट्या पुरल्या. आपलं पातेलं एकदा मोजून ठेवायचं. तांदूळ भिजवला असेल तर शोषलेलं पाणी वजा करायचं. आच बंद केल्यावर १० मिनिटं झाकण उघडायचं नाही. वरचं-खालचं पाणी तेवढ्यात सारखं होतं.

उरलेल्या भाताबद्दल. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे पातेल्यात रात्रभर ओट्यावर ठेवलेला भात सकाळी कितीही कडकडीत परतला तरी भरवसा नाही. परातीत पातळ पसरून तासाभरात गार करायचा, मग डब्यात घालून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचा.

२६ फेब्रुवारी : राजमा

लिटरभर पाण्यात १५ ग्रॅम मीठ, ८ ते १२ तास भिजवण. "मिठाने राजमा कडक राहतो" हा समज उलटा आहे : सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, साल मऊ होते आणि कमी फाटते. शिजू देत नाहीत ते दोन जण, आंबट पदार्थ आणि क्षारांचं जड पाणी. म्हणून टोमॅटो किंवा लिंबू राजमा बोटात दाबून चुरडायला लागल्यावरच. उष्ण, दमट जागी महिनोन् महिने पडलेला राजमा काही केलं तरी गोटाच राहतो. तो चुलीचा दोष नाही.

भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळायलाच हवा. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन पोट बिघडवतं, आणि ८० अंशांच्या आसपास मंद शिजवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात टाकायचा असेल तर आधी वेगळा उकळून.

१ मार्च : मीठ

सूप, रस्सा : तयार पदार्थाच्या वजनाच्या ०.८ ते १ टक्का. लिटरभर सुपाला ८ ते १० ग्रॅम. पण रस्सा आटणार असेल तर मीठ शेवटी. पाणी उडतं, मीठ उडत नाही.

खारट झालं तर बटाटा टाकायचा उपाय : बटाटा खारं पाणी शोषतो, निवडून मीठ नाही. उरलेला रस्सा तितकाच खारट, फक्त मापाने थोडा कमी. उपाय एकच, पदार्थ वाढवणं. आळणी वाटतंय आणि मीठ तर पुरेसं आहे, तेव्हा लिंबाचे चार थेंब घालून पाहावेत. हिरव्या भाजीत ते ताटात वाढताना; शिजताना घातले तर हिरवा रंग शेवाळी होतो.

४ मार्च : कॉफी

मूळ माप : २५० ग्रॅम पाण्याला १५ ग्रॅम पूड, पाणी ९२ ते ९६ अंश, फिल्टरवर हाताने ओतून. पूड स्वतःच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून कपात २२० ग्रॅमच येते. "कप भरत नाही" म्हणून वरून पाणी ओतत राहणं चूक, त्याने शेवटची कडू, तुरट धार कपात येते.

आधी ४० ग्रॅम पाणी ओतून ४० सेकंद थांबायचं. ताजी पूड फुगते, बुडबुडे येतात : आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो सुटला नाही तर पाणी पुडीत शिरतच नाही, बाजूने निसटतं. मग उरलेलं पाणी गोल फिरवत, तीन हप्त्यांत. एकूण वेळ अडीच ते साडेतीन मिनिटं.

आंबट, पाणचट, चव लगेच संपते : पुडीतून पाण्यात पुरेसं उतरलं नाही. पूड बारीक करा. कडू, जीभ कोरडी पडते : जास्त उतरलं. पूड जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माप, दळण आणि तापमान तिन्ही एकदम हलवलं तर कशाने काय झालं ते कळत नाही. चांगल्या कपात पुडीच्या वजनाचा १८ ते २२ टक्के भाग विरघळलेला असतो, बाकी चोथा. पूड पुन्हा वापरणं म्हणजे त्या चोथ्यातला कडवटपणा मुद्दाम काढणं.

७ मार्च : चहा, सरबत, बर्फ

काळा चहा : २०० मिलीला २ ग्रॅम, उकळतं पाणी, ३ ते ४ मिनिटं. हिरवा : ७५ ते ८० अंश, २ मिनिटं, उकळतं ओतलं की तुरट. दाट हवा असेल तर पत्ती वाढवा, वेळ नको.

गार चहा गढूळ होतो, कारण कॅफिन आणि चहातली तुरट द्रव्यं गार झाल्यावर एकमेकांना चिकटतात. बिघडलेला नसतो, थोडं उकळतं पाणी घातलं की निवळतो. गढूळ नकोच असेल तर लिटरभर गार पाण्यात १० ग्रॅम पत्ती, फ्रीजमध्ये ८ तास, मग गाळायचा.

सरबताला साखर थेट घातली तर निम्मी तळाशी बसते. तीन लिंबांची फक्त पिवळी साल सोलून (पांढरा भाग कडू) १०० ग्रॅम साखरेत चुरडून तासभर ठेवायची. साखर तेलाने ओलसर, वासाळ होते. १०० मिली गरम पाण्यात विरघळवून गाळायची, १०० मिली रस, ८०० मिली गार पाणी, चिमूटभर मीठ. चव गार असतानाच पाहायची. कोमट सरबत जास्त गोड लागतं आणि बर्फ पडल्यावर फिकं.

बर्फ उघड्या ट्रेमध्ये फ्रीझरचा वास धरतो. गोठल्यावर सुटे करून बंद पिशवीत. एकच मोठा खडा चार छोट्यांपेक्षा सावकाश वितळतो, पेय कमी पाणचट होतं.

१० मार्च : शिळा ब्रेड

ब्रेड कडक होतो तो फक्त सुकून नव्हे. स्टार्च पुन्हा स्फटिकासारखा बांधला जातो आणि ही क्रिया फ्रीजच्या तापमानाला सगळ्यात वेगात चालते. म्हणून दोन दिवस लागणारा ब्रेड बाहेर, बाकीचा काप करून फ्रीझरमध्ये. काप गोठलेलाच टोस्टरमध्ये.

अख्खा कडक पाव : नळाखाली सालीवरून पाणी फिरवायचं, कापलेली बाजू ओली होऊ द्यायची नाही, १६० अंशांच्या ओव्हनमध्ये ८ ते १० मिनिटं. बांधलेला स्टार्च उष्णतेने सैल होतो, सालीवरचं पाणी वाफ होऊन आत जातं, साल पुन्हा कुरकुरीत. तासाभरात खाऊन टाकायचा. उरला तर दुसऱ्यांदा हा प्रयोग चालत नाही : आतली ओल पहिल्याच वेळी बरीच उडालेली असते. त्याचा चुरा करावा.